युसूफ वकिलांनी हरलेली निवडणूक

मंडळी, कोर्टाची ही बाररूम लहान पडली. बाहेर व्हरांड्यात माणसं उभी आहेत. त्यांनाही ऐकू जाईल असं बोलायला पाहिजे. सांभाळून घ्या. मी काही वकील नाही, धामणगाव बढ्याचा शेतकरी. युसूफ आणि मी इथंच मलकापूरला एका वर्गात शिकलो. तुम्ही त्याला वकीलसाहेब म्हणता. मला ते जमणार नाही. मी युसूफच म्हणतो.

युसूफचे वडील लवकर गेले. धाकटा भाऊ हमीद युसूफनंच वाढवला, नागपूरला कॉलेजात घातला. पोरगा हुशार. पण सुट्टीत आला की गप्प गप्प असायचा. एकदा आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो, तर एकदम म्हणाला, "भाईजान, हिंदू आणि मुसलमान ही दोन राष्ट्रं आहेत. इंग्रज जाईल तेव्हा आपला मुलूख वेगळा पाहिजे."

युसूफ म्हणाला, "कोणं शिकवलं तुले हे?"

"शिकवायला कशाला लागतं? मेसमध्ये माझं ताट वेगळं ठेवतात. खोली मागायला गेलो की आधी नाव विचारतात. स्टेशनावर हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं. तुम्ही म्हणता तो एक देश मी पाहिला कुठं?"

मंडळी, तुमच्यापैकी कुणाजवळ याला उत्तर होतं?

युसूफ म्हणाला, "ताट वेगळं ठेवतात तर भांडू. मी येतो तुझ्यासंगं भांडायले. पण त्यासाठी मुलूख तोडा लागते का बाबा?" हमीद उठून आत गेला.

मग निवडणूक आली. इंग्रजांच्या राज्यातली शेवटची. इथल्या तरुण वकिलांना नवल वाटेल, पण तेव्हा मुसलमानांची जागा वेगळी, मतदार वेगळे. त्या जागेसाठी हिंदूला मतच देता यायचं नाही. युसूफ उभा राहिला. वेगळा मुलूख नको, एवढंच सांगायला उभा राहिला. आणि समोरच्या उमेदवाराचा प्रचार कोण करत होतं? हमीद. सकाळी एका दस्तरख्वानावर बसून दोघं भाऊ जेवायचे आणि दोन रस्त्यांनी निघायचे.

मी माझी बैलांची दमणी जुंपली. युसूफला बसवून गावोगाव हिंडलो. आमचे काका चिडले. "काऊन हिंडून राह्यला बे त्याच्यासंगं? तुयं त मतबी नाही त्याले!" खरंच होतं ते.

एका गावात सभा भरली. एक तरुण उठला. अदबीनं बोलला. म्हणाला, "वकीलसाहेब, तुमचे हिंदू दोस्त चांगले असतील. पण ते तुम्हाला मत देऊ शकत नाहीत. मत आम्ही देणार. मग तुम्ही आमच्यापुरतं बोला ना. सगळ्यांचं कशाला बोलता?"

कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारा युसूफ. त्या दिवशी त्यानं भाषण तिथंच आटोपलं. परत येताना दमणीत म्हणाला, "श्रीराम, त्या पोराचं काय चुकलं? मत मागाचं तर मले मुसलमान होऊनच मागा लागते. मंग आपण एक आहो, हे मी सांगू कोणाले?"

युसूफ हरला. थोडक्यात नाही, पार हरला. संध्याकाळी मिरवणूक त्याच्याच दारावरून गेली. हमीद तिच्यातून बाहेर पडून घरात आला आणि मान खाली घालून उभा राहिला. मी तिथंच होतो. युसूफ म्हणाला, "जेवला का?" बस, एवढंच.

पुढं देश तुटला. हमीद कराचीला निघाला. स्टेशनावर हात धरून म्हणाला, "भाईजान, तुम्हीही चला. इथं कुणाच्या भरवशावर राहता?" युसूफ म्हणाला, "माझ्या तारखा लागल्या ना बाबा. पक्षकार येऊन बसतील." आम्ही तिघंही हसलो. गाडी हलली तेव्हा कोणीच हसत नव्हतं.

आणि आपण काय केलं, मंडळी? आपल्याच गावात, भर बाजारात, त्याला कोणीतरी विचारलं, "वकीलसाहेब, तुमचं कधी निघणं?" गमतीत विचारलं म्हणे. त्यानंही गमतीतच नेलं. पण त्या दिवशी त्याला केस चालवता आली नाही. पुढची तारीख मागून तो घरी गेला. वेगळा मुलूख नको म्हणून ज्यानं सख्ख्या भावाशी झुंज घेतली, त्यालाच हा प्रश्न!

महाराष्ट्र झाल्यावर हमीद एकदा व्हिसा काढून आला. परदेशी माणूस म्हणून त्याला ठाण्यात हजेरी द्यावी लागायची. युसूफ सोबत गेला, मीही गेलो. हवालदारानं विचारलं, "मुलूख कोणता?" हमीद खाली बघत राहिला. शेवटी युसूफ म्हणाला, "मलकापूर."

हवालदार भला माणूस. हळूच म्हणाला, "वकीलसाहेब, तसं नाही लिहिता येत मले."

बाहेर आलो. हमीद भिंतीला टेकून रडला. म्हणाला, "तिथं मला हिंदुस्थानातून आलेला म्हणतात भाईजान. इथं पाकिस्तानचा म्हणतात." युसूफनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी बरोबर होतो, तू चुकलास, असा एक शब्द त्यानं तेव्हाही काढला नाही. पुढंही कधी काढला नाही.

परवा युसूफ गेला. त्याचा मुलगा सलीम आणि मी हमीदला कळवायला तारघरात गेलो. दोन्ही देशांत लढाई जुंपलेली. तारबाबू म्हणाले, "तिकडं तार जात नाही." मग आम्ही कब्रस्तानात आलो. घरच्यांनी माती दिली. भावाची पाळी आली आणि सगळे थांबले. सलीम माझ्याकडं वळून म्हणाला, "चाचा, तुम्ही द्या."

मी दिली.

मंडळी, हमीदला अजून काही ठाऊक नाही. आज या वेळी कराचीत बसून तो कदाचित नमाजानंतर भावाच्या तब्येतीसाठी दुवा मागत असेल.

आता सगळे उभे राहा. व्हरांड्यातल्यांनीही टोप्या सारख्या करा. थोडा वेळ कोणी बोलू नका. युसूफसाठी उभे राहू, आणि ज्याला इथं उभं राहता आलं नाही, त्याच्यासाठीही.

युसूफ, सलाम घे बाबा.