घाट स्क्रीनमध्ये मावेना

(ओतूर. गणपतीचा मंडप. हलत्या देखाव्याच्या पडद्यामागं लॅपटॉप उघडलेला. स्क्रीनवर एकेका पुतळ्याला हलवणाऱ्या हुकमांचे चौकोन, म्हणजे ब्लॉक.)

मंगल : सोडू नका, तालिबभाऊ! माउस सोडू नका! असाच धरून पाणी पाजणाऱ्या बाईचा ब्लॉक वर न्या.

तालिब : नेतोय की. वरच्या कडेला जाऊन टेकलाय. पुढं स्क्रीन सरकंल तर जाईल ना?

मंगल : सरकत नाय?

तालिब : ढिम्म नाय. ब्लॉक हातात असला की ही बया जागची हलत नाय, आणि सोडला की लगेच सरकती. दोन्ही हात भरलेत, आता दार कुणी उघडायचं?

मंगल : मग सोडा तिथंच.

तालिब : सोडला. अरे! हा तर बैलाच्या ब्लॉकला चिकटला.

मंगल : चिकटू दे. चालवून तरी बघू.

तालिब : या अल्ला! मंगल, बाहेर बघ, बाहेर! बैल बाईसारखा वाकून व्यापाऱ्याला मुजरा घालतोय!

मंगल : बंद करा, बंद करा! आणि दात काय काढताय? आरती झाली की पडदा उघडायचाय.

तालिब : हसू नको तर काय करू? नाणेघाटाच्या देखाव्यात असला अदबशीर बैल कुणी बघितलाय?

मंगल : तुमाला गंमत सुचती. पुतळ्यांना मोटारी बसवून झाल्या, तुमी मोकळे. तिकडं आई घाटघरवरनं निघालीय. पाणी पाजणाऱ्या बाईला तिनं आपलं ठेवणीतलं लुगडं नेसवलंय. सकाळधरनं फोनवर एकच, "माझी बाई हलंल ना गं?" आता व्यापारी हलणार, बैल हलणार, जकातवाला हलणार, आणि आईची बाई तेवढी खांबासारखी उभी! काय तोंड दाखवू मी तिला?

तालिब : बरं बरं, डोळ्यात पाणी नको आणू. ब्लॉक सोडू, मोकळ्या हातानं वर सरकू, मग पुन्हा उचलू.

मंगल : ते करून झालं. वर सरकायला पान उरलंच नाय. घाटघर लागलं की संपलं.

तालिब : घाटघर? स्क्रीनवर घाटघर कुठनं आलं?

मंगल : हे काय, नीट बघा की. खाली डाव्या अंगाला कोकण. व्यापारी तिथनं निघतो, म्हणून त्याचा ब्लॉक तिथं. मधी घाटाची नाळ, चढणीची वाट, तिथं बैल. वर खिंडीत जकातवाला. आणि त्याच्याही वर माथ्यावर बाई.

तालिब : म्हंजे तू प्रोग्रॅम नाय केला, राव! घाट चढलीस!

मंगल : मग काय उलटा मांडू? कोकण खाली असतं, घाटघर वर असतं. आमच्यात लहान पोराला पण माहितीय.

तालिब : पण मशीनला माहीत नाय ना! माझ्या दुकानात पंखा आढ्याला आहे. बटण कुठंय?

मंगल : दाराशी.

तालिब : मग?

मंगल : अगं बाई! ब्लॉक कुठंही असू दे, सांगावा बाईच्या मोटारीला गेला की झालं!

तालिब : शाब्बास!

मंगल : सरका, माउस इकडं द्या. आधी बैलाला चिकटलेला ब्लॉक पुसते, मग मोकळ्या हातानं खाली जाते, कोकणात. किती रान मोकळं पडलंय इथं! आता बाजूच्या यादीतनं बाईचा नवा ब्लॉक घेते, समोरच ठेवते. कडेला जायचंच नाय. सुरुवातीचा ब्लॉक शेजारीच आहे, त्याला जोडायची स्क्रीनवरची वायर वीतभर. बैल वर पोचेस्तोवर थांब म्हणून सांगते आणि…

प्रयागबाई : मंगल! अगं, कुठं दडलीस? म्होरं पाय ठेवाया जागा नाय.

तालिब : या मावशी, या. तुमची बाई आत्ताच कोकणात उतरवली.

प्रयागबाई : कोकणात? लई ब्येस केलं! तिथंच तर माझं म्हायेर. लगीन झाल्यावर ह्याच घाटानं वर आले मी, डोक्यावर गठुडं आन् पायात काटा.

तालिब : ऐकलंस, मंगल? बाई माहेरातनंच निघती.

मंगल : आई, तू पुढं जाऊन बस बघू. आरती संपत आली.

प्रयागबाई : हलंल ना गं?

मंगल : जा म्हटलं ना!

तालिब : उघडला पडदा. दाब.

मंगल : दाबलं. मी डोळे मिटलेत, तुमीच सांगा.

तालिब : व्यापारी निघाला. बैल चढतोय. मुजरा नाय, शहाणा झाला. जकातवाल्यानं हात पसरला. आता… मंगल, डोळे उघड, येडे!

मंगल : वाकली! तालिबभाऊ, वाकली हो! पाणी पडतंय!

तालिब : टाळ्या ऐक. आणि ती बघ तुझी आई. हसती का रडती?

मंगल : दोन्ही करती. मला पण तसंच होतंय.

तालिब : आली बघ लगबगीनं इकडंच.

प्रयागबाई : बघितलं गं, बघितलं! शेजारची इचारत व्हती, लुगडं कुणाचं? म्हणलं, माझं! आन् हलवलं कुणी? म्हणलं, माझ्या लेकीनं आन् ह्या भाऊनं!

मंगल : आवडली ना?

प्रयागबाई : तर! पर मंगल…

मंगल : काय गं? चुकलं का काही?

प्रयागबाई : चुकलं नाय. व्यापाऱ्याला पाजती, बैलाला पाजती, की लगी परत वाकती. उसंत म्हणून नाय.

तालिब : मावशी, तिला तेवढंच सांगितलंय आमी.

प्रयागबाई : मग आजूक येवढं सांगा. मधी तिला बी घोटभर पिऊ दे.