एकशे बारा नंबरची डबी

...नाही, पण मला सांगा, यात लाजण्यासारखं आहे काय? एवढीशी डबी! पांढरं झाकण, झाकणालाच आतून चमचा. सकाळी चमचाभर नमुना घ्यायचा, झाकण फिरवायचं, माझ्या हातात द्यायची, संपलं! पण तुम्हाला सांगते, माणूस एक वेळ किडनी देईल, डबी देणार नाही!

मी आतड्यातल्या जिवाणूंवर संशोधन करते. म्हणजे एवढं शिकून दारोदार शौचाचे नमुने मागत फिरते! एक रिटायर्ड मॅनेजर तर दारातच हात जोडून म्हणाले, "आमच्याकडे तसलं कुणाला होत नाही हो." होत नाही?! एका बाईंनी दिली, पण कशी... अत्तराच्या खोक्यात घालून, वर रिबीन बांधून!

बरं, जग गेलं उडत. घरी बाबा. निवृत्त हेडमास्तर, तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडण्यात गेली. गेल्या सहा महिन्यांत त्यांच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पडली, खिळ्याने, स्वतःच पाडली, आणि आईला विचारावं तर ती माझ्या कानात, "अगं, रक्त पडतं त्यांना." कानात! घरात आम्ही तिघंच! बाबांना विचारलं, तर, "मूळव्याध आहे. जुनी आहे. विषय संपला."

संपला कसा? मी समोर बसवलं. म्हटलं, बाबा, पोटात अब्जावधी जिवाणू नांदतात, बरेचसे गुणी, अन्न पचवतात, आतड्याचं अस्तर सांभाळतात; पण त्यांचं गणित बिघडलं, टवाळ माजले, की अस्तर सुजतं, ती सूज वर्षानुवर्षं राहिली तर कॅन्सरचा धोका वाढतो, आणि त्या कॅन्सरच्या गाठींत काही ठरावीक जिवाणू जास्त सापडतातसुद्धा! बाबांनी चष्मा काढला. "म्हणजे जिवाणूंमुळे रोग होतो?" म्हटलं, तसं ठाम नाही सांगता येत, रोगामुळेही जिवाणू बदलत असतील, तेच तर शोधतोय. चष्मा परत डोळ्यांवर. "म्हणजे अभ्यास तुमचा झालेला नाही, आणि परीक्षा माझी?"

किडनी देईल हो... डबी नाही!

आणि काय सांगू, शनिवारी सकाळी टेबलावर डबी! वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर सुवाच्य अक्षरात संपूर्ण नाव, तारीख, वार. आमच्या वहीत तिला नंबर पडला एकशे बारा. शौचाची डबी बघून डोळ्यांत पाणी आलेली मी जगातली पहिलीच मुलगी असेन!

रिपोर्ट आला. त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त. बाबांना सांगितलंच नाही, उगाच घाबरतील. नुसतं म्हटलं, डॉक्टरांनी बोलावलंय. डॉक्टरांनी पट्ट्याची भोकं मोजली आणि सरळ आतड्यात कॅमेरा घालून बघायचं ठरवलं. आदल्या दुपारी पोट साफ करायचं ते औषध, पाण्यात कालवून मोठा जग भरून! बाबा एकेक ग्लास असे पीत होते, जणू मीच विष कालवलंय. अर्धा जग संपल्यावर हळूच विचारतात, "अगं, पण त्या डबीत निघालं काय?"

"रक्त निघालं, बाबा."

ग्लास खाली. चेहरा पांढराफटक. "रक्त? त्याला?"

"त्याला म्हणजे कुणाला?"

"तुझ्या काकाला!"

काका! वरच्या मजल्यावरचे, बाबांचे धाकटे भाऊ, सुतार माणूस, खिळे गिळले तरी पचतील अशी ख्याती! "म्हटलं, त्याचं पोट चांगलं," बाबा जमिनीकडे बघत, "तुझी तिथे नोकरी. आपल्या घरातून खराब पेपर जायला नको." तीस वर्षं कॉपी पकडणारा माणूस! आणि काकांना विचारलं, तर ते शांतपणे रंधा मारत, "दादाने मागितली, दिली. दादाला नाही कसं म्हणायचं?" बघा! पहिल्या हाकेला डबी देणारा एकच माणूस भेटला, तोही दुसऱ्याच्या नावावर!

मग दोघांचीही तपासणी झाली. बाबांच्या आतड्याला सूज, जखमा. गोळ्या सुरू, पट्टा एक भोक मागे आलाय. काकांच्या आतड्यात दोन गाठी. जागच्या जागी काढल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी काही वर्षं राहिल्या असत्या तर कॅन्सर होऊ शकला असता. आता काका अख्ख्या गल्लीला सांगतात, "दादाची दूरदृष्टी!" दूरदृष्टी!! आणि मी? मी वहीतला एकशे बारा नंबर लाल शाईने खोडत बसले, लॅबच्या सरांची बोलणी खाल्ली, ते कुणाला दिसलं का?

त्यातून बाबांना आता उत्साह. नातेवाईकांची यादी केलीय, हजेरी घेतल्यासारखे फोन करतात, आणि लोक देतात हो! आत्या देते, मावशी देते, मॅनेजरसुद्धा देऊन गेले! काल जेवताना बाबांनी यादीवर बोट ठेवलं. "निरोगी तरुण माणसांचेही नमुने लागतात ना तुम्हाला? तुझा कुठाय?"

मी पाणी प्यायले. पर्समध्ये रिकामी डबी आहे, अकरा महिने झाले...

"बाबा," म्हटलं, "माझी किडनी चालेल का?"