तालमीतली पेशंट

दवनीवाड्याहून गोंदियाला निघालेल्या एसटीत चेतना कानात गाणी लावून बसली होती. मागच्या सीटवर दोन बाया बोलत होत्या. त्यांतल्या एकीने 'ऑक्सिजन' म्हटलं, तेव्हा चेतनाने गाणं बंद केलं.

"देवकाबाई, तू खरंच पेशंट झाली होतीस का वो?"

"खोटी पेशंट, कुंता. नव्या फ्लूची साथ आली तं दवाखान्यानं काय करावं, त्याची तालीम होती. सरकारनं साऱ्याइले करायले लावली."

"मंग काय केलं तुले?"

"घरून गाडीत नेलं. खोकल्यावाल्याइले दरवाजाच वेगळा. नाकातला नमुना घेतला, तो तपासाले धाडाची पेटी तयारच होती. अन् मी खाटेवर टेकत नाही, तं नाकाले ऑक्सिजनची नळी लागली."

"बापा! एवढ्या लवकर?"

"हो ना. हवाबी खरीच येऊन राहिली होती."

"पण तू कायले गेलीस, बाई? तुये मालक तं कोरोनात त्याच दवाखान्यात रातभर त्याच हवेची वाट पाहत-पाहत गेले."

"म्हणूनच गेली. म्हटलं, आता तरी भेटते का, पायतो."

"रडू नाही आलं?"

"आलं ना. नर्स म्हणे, काकू, नाटक भारी करता तुमी."

"मंग?"

"मंग डॉक्टर म्हणे, झालं, आता घरी जा. म्या म्हटलं, साहेब, काम मस्त केलं तुमी सगळ्याइनं. आता रातपाळीवाल्याइले बोलवा. मी अजून एकडाव पडतो."