रविवारचे फोन

फुसेनी : मावशी, अहो फोन आहे तो, कापड नाही. असा काय चाचपून बघताय!

सेरवा : वीस वर्षं केजेतियाच्या बाजारात कापड विकलंय मी. माल हातात घेतल्याशिवाय मला कळत नाही. हा फार गुळगुळीत आहे रे. ओल्या हातातून सटकेल.

फुसेनी : कव्हर देतो ना, माझ्याकडून. हा टेक्नो. तुमचा एक फोटो काढतो, मग बोला. हं, इकडं बघा... बघा आता! आपल्या काळ्या रंगाला काळाच ठेवतो, पण कसा तुकतुकीत! नाहीतर काही फोनांत आपण म्हणजे नुसते दात.

सेरवा : अगं बाई, ही मीच का? सुरकुत्या कुठं गेल्या माझ्या?

फुसेनी : घाबरल्या तुम्हाला.

सेरवा : मेल्या! आज तू विकणारच बघ मला काहीतरी.

अडोमा : आई, फोटोवर जाऊ नकोस. आठवडाभर व्हिडिओ बघितलेत मी. रेडमी घेऊ या. पटकन चार्ज होतो, प्रोसेसर चांगला आहे, पुढची चार वर्षं बघायला नको.

फुसेनी : ताई, रेडमी छानच. मी काय, दोन्ही विकतो. पण मावशींना प्रोसेसर घेऊन काय करायचंय? त्यांना पाहिजे बॅटरी. वीज गेली तरी फोन जिवंत पाहिजे. मग हा आयटेल बघा, गरीब गाय. नाहीतर हा इन्फिनिक्स, पडदा एवढा मोठा की चष्मा विसरला तरी चालेल.

सेरवा : सगळे चीनचेच ना हे?

फुसेनी : सगळे. त्यातून टेक्नो, इन्फिनिक्स आणि आयटेल तर सख्खी भावंडं. एकाच घरची.

सेरवा : आणि एकाच बाजारात एकमेकांचं गिऱ्हाईक ओढतात?

फुसेनी : धंदा आहे मावशी.

सेरवा : मला नको सांगूस. माझी सख्खी धाकटी बहीण माझ्या शेजारच्या गाळ्यात बसायची. पोकुआ. एकच पाण्याची पिशवी दोघी अर्धी अर्धी प्यायचो. आणि एका गिऱ्हाइकापायी...

अडोमा : आई, तो विषय नको ना आता. फोनचं बघ.

सेरवा : का नको? बोलल्यानं काय बिघडतं? ओबुआसीची एक बाई होती रे, दरवर्षी नाताळाला बारा तागे न्यायची. माझं गिऱ्हाईक. त्या वर्षी पोकुआनं तिला स्वतःचा माल दाखवला. मी भर बाजारात तोंड सोडलं. ती गाळा बंद करून नवऱ्याच्या गावी गेली, टेचिमानला. दोन वर्षं झाली.

फुसेनी : मग? नंतर बोलणं नाही?

सेरवा : मी थोरली. धाकटीनं आधी यायचं, ही आपली रीत. निदान फोन तरी करायचा. मी वाट बघितली. बोलले असेन जास्त, पण मी काय तिला कायमची तोडली होती? तिनं मात्र मला तोडली. मागच्या वर्षी तिचा नवरा गेला, ओपोंग. मला कुठून कळलं, तर मासळीवालीकडून! मयताला अजून तीन आठवडे होते. शोकाचं काळं लुगडं काढून, इस्त्री करून खुर्चीवर ठेवलं होतं मी. आज निरोप येईल, उद्या येईल. नाहीच आला. सख्ख्या बहिणीला नवऱ्याच्या मयताला बोलावलं नाही तिनं.

फुसेनी : फार वाईट, मावशी. खरंच वाईट.

सेरवा : बाजारातल्या बाया अजून विचारतात, सेरवा, तू गेली नाहीस? काय सांगू त्यांना?

अडोमा : फुसेनीभाऊ, रेडमी काढा. काळा रंग. पैसे मोबाइलवरून पाठवते. नंबर सांगा.

सेरवा : अगं, मी अजून ठरवलंय कुठं?

अडोमा : मला बँकेत परत जायचंय, आई. अर्ध्या दिवसाची रजा आहे. पैसे माझे आहेत, तुला चांगलं तेच घेतेय ना?

सेरवा : घे बाई. तुझ्या मनासारखं होऊ दे. पण माझे फोटो नव्यात आले पाहिजेत. तुझ्या बाबांचे आहेत त्यात.

फुसेनी : दहा मिनिटांत. द्या जुना इकडं.

अडोमा : त्याची गरज नाही. तुम्ही फक्त सिम टाका. बाकीचं मी घरी करीन.

सेरवा : तुझं घरी म्हणजे पुढच्या महिन्यात. हा फोन तूच मला लावून दिला होतास, तेव्हा महिनाभर मला कुणाचा नंबर सापडत नव्हता. कर रे बाबा तू, माझ्या डोळ्यांदेखत.

अडोमा : आई, उगाच त्यांचा वेळ...

फुसेनी : वेळ कसला, ताई! यात सगळं आपोआप जातं. हे फोटो निघाले... चारशे बारा. मावशी, नातवंडं गोड आहेत हो.

सेरवा : ओसेई आणि टिवा. शाळेतून आणणं, जेवण, अंघोळ, सगळं माझ्याकडं. यांचा बाप टाकोराडीच्या बंदरावर, महिन्यातून एकदा येतो. आजी नसती तर काय झालं असतं यांचं!

फुसेनी : नंबरही गेले सगळे. एक राहिला. हा ब्लॉक केलेला आहे. नव्यातही ब्लॉकच ठेवू?

सेरवा : म्हणजे काय ठेवू?

फुसेनी : म्हणजे या माणसानं तुम्हाला फोन केला तर तुमच्याकडं वाजतच नाही. त्याला वाटतं, लागत नाहीये. नकोशी माणसं असतात ना, कर्जवाले, लॉटरीवाले...

सेरवा : मला नाही असलं काही येत. कुणाचा आहे?

अडोमा : जाहिरातवाल्यांचा असेल. काढून टाका तो. पुसून टाका.

फुसेनी : नाही, नाव आहे ना. ‘पोकुआ, टेचिमान’.

सेरवा : काय म्हणालास?

फुसेनी : पोकुआ... मावशी, तुम्ही बसा बघू आधी. हे स्टूल घ्या.

सेरवा : बसायचं राहू दे. तिनं केले होते का फोन? ते दिसतं?

फुसेनी : दिसतं. यादी असते.

सेरवा : वाच.

अडोमा : आई, घरी जाऊन बोलू.

सेरवा : वाच म्हटलं ना मी!

फुसेनी : परवा. रविवार, सकाळी साडेसहा. त्याच्या आधीचा... तोही रविवार. त्याच्या आधीचाही. खाली सरकवतोय मावशी, संपत नाहीये. सगळे रविवारचे. इथं मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये मात्र एकाच दिवसात अकरा आहेत.

सेरवा : मार्च.

फुसेनी : हो.

सेरवा : ओपोंग गेला तो दिवस. अडोमा, मला ही बटणं दाबता येत नाहीत. माझा फोन घरात तुझ्याशिवाय कोण हातात घेतं?

अडोमा : तुझं बीपी वाढायचं, आई. त्या भांडणानंतर तू तीन दिवस जेवली नव्हतीस. डॉक्टर म्हणाले होते, त्रास होईल असं काही कानावर घालू नका.

सेरवा : आणि मी दोन वर्षं तिच्या नावानं रडले, त्यानं बीपी उतरलं वाटतं?

अडोमा : थोडे दिवसच ठेवणार होते मी. मग राहूनच गेलं.

सेरवा : राहून जायला ती काय चुलीवरची आमटी आहे? खरं बोल. या परक्या माणसासमोर मला नागडी केलीस, आता खरं तरी बोल.

फुसेनी : मावशी, मी जरा बाहेर उभा राहतो.

सेरवा : तू कुठं चाललास? थांब इथंच. माझ्या फोनातलं माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं. बोल गं.

अडोमा : पोकुआमावशीनं मला फोन केला होता. टेचिमानला नवा बाजार होतोय, म्हणाली. दोन गाळे घेतले होते तिनं. एक तुझ्या नावानं. म्हणाली, अक्काची माफी मागते आणि घेऊन जाते, पुन्हा शेजारी शेजारी बसू. टिवा तेव्हा वर्षाचीच होती, आई. मी सकाळी आठला बाहेर पडते, सहाला येते. मुलं कोण बघणार होतं?

सेरवा : मला विचारलं असतंस.

अडोमा : विचारलं असतं तर गेली असतीस.

सेरवा : नसते गेले कदाचित. टिवाला टाकून मी गेले असते? पण ते मी ठरवलं असतं. माझं काय, दावणीच्या वासरासारखं झालं. बांधलेलं आहे हेसुद्धा मला ठाऊक नाही.

अडोमा : चुकलं माझं.

सेरवा : आणि मयताचा निरोप? काळं लुगडं खुर्चीवर होतं. तू रोज त्याच्याशेजारी बसून चहा प्यालीस.

अडोमा : आई, हात जोडते.

सेरवा : नको जोडूस. फुसेनी, ते काय आहे ते काढ. ब्लॉक. आणि तिला फोन लाव. याच्यावरूनच लाव, जुन्यावरून.

फुसेनी : काढलं. हा घ्या, वाजतोय. आवाज मोठा करून दिलाय.

(तीनदा घंटी वाजते.)

पोकुआ : हॅलो? ...अक्का?

सेरवा : मी आहे.

पोकुआ : थांब, थांब, शिलाई मशीन बंद करते. आता बोल. शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण ठेवू नकोस.

सेरवा : पोकुआ, ओपोंगच्या वेळी मी आले नाही.

पोकुआ : असू दे. अडोमानं कळवलं होतं मला. तू म्हणालीस म्हणे, पोकुआ माझ्यालेखी मेली. मी म्हटलं, रागात बोलली असेल. अक्काचा राग मला काय नवा आहे? रविवारी लावत राहू, एखाद्या रविवारी उचलेल. अक्का? आहेस ना?

अडोमा : आई, मी तिला सांगते. माझ्याकडं दे.

पोकुआ : कोण गं जवळ?

सेरवा : कुणी नाही. दुकानातली माणसं आहेत.

पोकुआ : एक विचारू? तू खरंच तसं म्हणाली होतीस?

सेरवा : नाही गं. देवाशपथ नाही. फोनवर नको, समोर बसून सांगते. आता गाडी धरली तर कधी पोचेन?

पोकुआ : आज? आज येतेस? अगं, चारच्या आत पोचशील! मी स्टँडवर येते. किती दिवस राहशील?

सेरवा : ते तिथं आल्यावर बघू. गाळा अजून आहे का?

पोकुआ : एक भाड्यानं दिलाय. सोडवता येईल.

सेरवा : बरं. ठेवते आता. गाडीत बसले की करते.

फुसेनी : मावशी, पाणी प्या. गार आहे.

सेरवा : दे. देव तुझं भलं करो, पोरा. तुझा काही दोष नाही. सिम जुन्यातच राहू दे.

फुसेनी : आणि हा नवा? पैसे आलेत ताईंचे.

सेरवा : तिनंच निवडलाय. तिलाच वापरू दे.

अडोमा : आई, निदान घरी तर चल. कपडे भर, औषधं घे. मी सोडते ना तुला स्टँडपर्यंत. असं हातात पिशवी घेऊन कुठं जातेस?

सेरवा : औषधं टेचिमानलाही मिळतात.

अडोमा : आई, माझ्याकडं बघ तरी.

सेरवा : तू हो पुढं. तीनला मुलं सुटतात.