बांबू, नग एक

—मग? हानलाच की मी त्याला. न्हाय कुठं म्हणतोय? लिवा मॅडम, जोतीरामनं ट्रेलरचा डायवर रविराज याला टॉमीनं हानला. टॉमी म्हंजे जॅकचा दांडा वो, लोखंडी, हातभर. पहिली काच फोडली. मग केसाला धरून केबिनमधनं खाली वढला. एक गुडघ्यावर दिला, एक तोंडावर. तोंडावरचा बसला तवा कडाकडा आवाज आला — जबडा. डोळा कुणी फोडला ते मला माहीत न्हाय, तितं शंभर माणूस जमलं व्हतं, दगडं व्हती लोकांच्या हातात — बरं, मीच. डोळाबी मीच. लिवा. आणि अजून एक दिला असता तर मेलाच असता त्यो, पण आप्पानं मला मागनं मिठी मारली. शेळगावचा आप्पा, चहाच्या गाडीवाला. त्याच्याबी नाकावर डोकं आपटलं मी. रगात आलं त्याच्या, पण सोडलं न्हाय बाबानं. वाईट वाटतं का म्हणता? न्हाय वाटत. माझा सोनबा रस्त्यावर पडला व्हता, अंगातनं धूर निघत व्हता, आणि मी काय डायवरच्या गळ्यात हार घालू?

सोनबा कोण म्हंजे? तुमच्या कागदात 'मयत' लिवलंय, त्यो. बावीस वर्सं एका टोळीत व्हतो आमी, रस्त्याच्या खात्यात. खड्डं बुजवायचं, गवत काढायचं, आणि मोठी गाडी आली की तिच्यासंगं चालायचं. मोठी म्हंजे कारखान्याची टाकी, पवनचक्कीचं पातं, असलं काय-काय. परवाना आमच्या खात्याचा असायचा ना तवा. मी पुढं बांबू घिऊन, सोनबा मागं लाल झेंडा घिऊन. बारामती ते इंदापूर चालत! आडवी तार आली की बांबू उभा करायचा, फुटाच्या खुणा हायत त्यावर, तार किती उंचीवर हाय वाचायचं. गाडीच्या वर दोन फूट मोकळं असलं तर चल म्हणायचं. कमी असलं तर थांब, वायरमनला बोलाव, लाइन बंद कर, तार उचल, मग चल. बावीस वर्सांत एक चिमणी मेली न्हाय आमच्या हातनं. आणि मग तुमचं सरकार म्हणालं, गाडीचा परवाना हाय, तर गाडीच्या खात्यानं द्यावा, रस्त्याच्या खात्याचं काय काम? झालं. परवाना तुमच्या आरटीओकडं गेला. रजिस्टरं गेली, शिक्के गेलं, झेंडं गेलं, बांबू गेला. माणसं तेवढी न्हाय गेली.

ते सामान न्यायला आला व्हता तुमचा एक, पुष्कर नावाचा. आमच्या बारामतीच्या गोडाऊनात यादी घिऊन बसला. मी म्हणलं, सायेब, जरा समजून घ्या, ह्ये काम कागदाचं न्हाय. तर मान वर न करता म्हणतो कसा — काका, सही करा, मला अजून दोन तालुके उरकायचेत. काका! माझ्या पायाला बावीस वर्सांचं डांबर चिकटलंय आणि ह्यो कालचा पोर्‍या मला उरकतोय! धरली त्याची गचांडी. भिंतीला लावला. डोळं पांढरं केलं त्यानं. सोडवलं लोकांनी, माफीबी मागायला लावली मला सगळ्यांपुढं. मागितली. हात जोडून मागितली. आणि तेवढं झाल्यावर त्यो टाय सारखा करून काय म्हणाला माहीत हाय? 'बांबू, नग एक, आणा इकडं.' एवढा बावीस फुटी बांबू मी खांद्यावर घिऊन त्याच्या गाडीपातुर चालत गेलो, वर बांधूनबी दिला मीच, आणि —

काय?

न्हाय, चोवीस. चोवीस फुटीच हाय त्यो. यादीत काय लिवलंय? चोवीस ना? मग चोवीस. बावीस वर्सं-बावीस वर्सं करून तोंडात बसलंय माझ्या. फुडं घ्या.

तुमी असं बघू नका माझ्याकडं. पेन खाली ठिवा आधी. ठिवा म्हणतो ना! — ऐका. बांबू रोज रस्त्यावर आपटतो, बूड फुटतं त्याचं. फुटलं की करवतीनं तेवढं कापायचं, न्हायतर उभा चिरत जातो. तीनदा कापला मी, वर्सावर्सानं. दोन फूट गेला. खुणा वरच्या वरच राहिल्या, नव्या कोण मारतंय? मला माहीत व्हतं, बांबूवर एकवीस आलं की मी मनात एकोणीस धरायचो. माझ्या हातातलं हत्यार, माझा हिशोब. दुसर्‍या कुणी हात लावला तर मी खवळायचो, सोनबालाबी कधी धरू दिला न्हाय. त्याला झेंडा. त्याला काय ठावं बुडाचं?

का न्हाय सांगितलं? का न्हाय सांगितलं इचारता? कुणी इचारलं मला? नग एक म्हणाला तुमचा माणूस, दिला नग एक. शंभर लोकांत हात जोडायला लावलं, त्या तोंडानं परत सांगू, सायेब ह्यो आखूड हाय? मी म्हणलं, न्या. न्या भडव्यांनो — तोंड खराब हाय माझं मॅडम, तुमच्यासमोर बोलू नये — न्या आणि फाटू द्या तुमची. मला वाटलं एखादी केबलची तार तुटंल, गावाचं टीव्ही बंद पडतील, लोक तुमच्या खात्याला शिव्या घालतील, आणि मग येतील माझ्याकडं, जोतीराव चला. एवढंच वाटलं. आईच्यान एवढंच.

गाडी मी हितंच बघितली, पिंपळीत, फाट्यावर उभा राहून. एवढी थोरली टाकी, रस्त्यापासनं एकोणीस फूट उंच, आणि पुढं बांबू घिऊन कोण? सोनबा! गाडीच्या ठेकेदारानं रोजावर घेतला व्हता त्याला. मला एका शब्दानं बोलला नव्हता. मला बघून हसला, बांबू वर करून दावला. काय सांगू मॅडम, आग लागली माझ्या मस्तकात. माझी जागा, माझा बांबू, आणि हसतोय! तवा एक शब्द बोललो असतो — सोन्या, दोन फूट कमी धर. जिभंवर आला व्हता. गिळला. मोटरसायकल काढली आणि मागं मागं गेलो, बघाया.

शेळगावात तार आली. त्यानं बांबू उभा केला, मान वर करून वाचलं, आणि वरडला — एकवीस, चल! मी पन्नास पावलांवर व्हतो. लोकांना मी सांगितलंय की मी थांब म्हणून वरडलो. न्हाय वरडलो. बांबू आडवा टाकून सोनबा ट्रेलरच्या कडंला हात लावून चालाय लागला, जनावराला घिऊन चालतात तसा. टाकी तारंला टेकली. फाट्ट करून निळा जाळ झाला आणि त्याचा हात सुटंचना लोखंडावरनं. पायातली चप्पल पेटली त्याच्या. मी बघत व्हतो. लाइन उडाली आणि त्यो खाली पडला, तरी मला हलताच येईना.

आणि तेवढ्यात त्यो डायवर केबिनमधनं बोंबलाय लागला, बांबू बघा, बांबू बघा, बांबूवर एकवीस आलं व्हतं! लोक बांबूकडं वळाय लागली. तवा हललो मी. तवा मला टॉमी सापडला. म्हणून तोंडावर मारला. दोनदा मारला, जबड्यावर आणि डोळ्यावर. गप केला त्याला.

आता तारा घातल्यात त्याच्या जबड्यात, नळीनं दूध पितो म्हणं. आणि केस त्याच्यावरच हाय, निष्काळजीपणाची. आणि सोनबाची बायको, नकोशी नाव तिचं, परवा माझ्या पाया पडली. भावजी, तुमी व्हता म्हणून त्या खुन्याला धडा मिळाला म्हणाली. मी पाय मागं वढलं. तेवढं सांगितलं, आता बास. ह्यातलं एक अक्षर लिवलं तर मी सही करणार न्हाय, आणि तुमच्या त्या फायलीची काय गत करीन ते बघा. डायवर भरंल त्याचं त्यो. बांबू तर पंचनाम्यात न्हायच. पंचांनी टाकी लिवली, तार लिवली, चप्पल लिवली, बांबू शेतात पडला व्हता, कुणाचं ध्यान न्हाय. कुजला असंल आतापातुर.

काय? जमा केला? तुमच्या ऑफिसात? यादीतला नग हाय म्हणून कुणीतरी उचलून जमा केला?

मग आता कुठाय?

दुसरी टाकी कवा निघाली? सकाळी? म्हंजे हितनं गेली असंल, मी रानात व्हतो तवा. पुढं कोण हाय? — नको, नाव नका सांगू मला. शेळगावची तार उचलली म्हणता, ती एक उचलली वो! तिच्यापुढं इंदापूरपातुर नऊ हायत, त्यातल्या चार खाली आल्यात, मला तोंडपाठ हायत! फोन लावा. लावा की! म्हणा, बांबू दोन फूट आखूड हाय, गाडी हाय तितं थांबवा. कोण सांगतंय? जोतीराम सांगतोय म्हणा. व्हय, नावानिशी म्हणा, आणि लिवायचं ते मग लिवा.

उचलंना? परत लावा. परत. मग माझ्या तोंडाकडं काय बघत बसलाय, उठा, गाडी काढा तुमची.