'मार' असे कोणाला म्हणालो, त्याबाबत

जबाब देणार : नाव ठाण्याच्या नोंदीत आहे. इमारतीत सगळे मला 'इंजिनियर' म्हणतात. वय बावीस. शिक्षण इंजिनियरिंगचे दुसरे वर्ष, अर्धवट. धंदा सध्या काही नाही, घरी छंद म्हणून लाकडाचे काम करतो. राहणार लाँड्रीच्या मागची तीन मजली इमारत, तळमजला.

समक्ष विचारले म्हणून सांगतो, ते असे की :

वरील पत्त्यावर आई आणि मी राहतो. आई दवाखान्यात नर्स आहे. तिची दिवसपाळी असली की दुपारी घरी मी एकटा असतो. कॉलेज का सोडले याचा या प्रकरणाशी संबंध नाही, पण साहेबांनी विचारले म्हणून सांगतो की एका सरांशी शब्दाने शब्द वाढला. ते म्हणाले, माफी माग. मी बॅग उचलली.

आमच्या घरामागे एक अडगळीची खोली आहे. ती रिकामी करून गेल्या थंडीत मी तिथे कामाचे टेबल बांधले. बाजारातले टेबल रंधा मारताना हलते, ते मला चालले नसते. वरची फळी जुन्या गोदामाच्या दारांपासून केली आहे. ती चार बोटे जाड आहे, एकट्याला उचलत नाही. पाय आडव्या दांड्यांनी जोडलेले आहेत आणि त्या जोडात खिळा किंवा बोल्ट नाही. दांडीचे टोक पायाच्या खाचेतून आरपार बाहेर येते व त्यात लाकडी पाचर ठोकलेली असते. सगळे टेबल अशा चार पाचरींवर उभे आहे. बोल्ट लाव, असे मला सांगण्यात आले होते. मी ऐकले नाही. बोल्टाचे टेबल कोणीही करतो.

सांगणारा दादा होता. दादा म्हणजे या प्रकरणातला जखमी. तो दुसऱ्या मजल्यावर राहतो, शाळेची बस चालवतो. माझा सख्खा नाही, पण इमारतीतले सगळे लहान त्याला दादाच म्हणतात. ती फळी आत आणताना दुसरे टोक त्यानेच धरले होते. "इंजिनियर, हे टेबल आहे की पूल? वरून बस न्यायची का?" असे तो म्हणाला आणि आम्ही दोघे इतके हसलो की फळी मध्येच खाली ठेवावी लागली. आमचे वैर नव्हते. हे वाक्य आहे तसेच लिहावे.

टेबल एकदा बांधले की सोडून देता येत नाही. दर रविवारी फळीवर सरळ पट्टी धरून कुठे उंचवटा आला का बघावे लागते, तेलाचा हात मारावा लागतो, लाकूड पकडायचा लोखंडी शिकंजा असतो त्याच्या आट्यांतला भुसा ब्रशने काढावा लागतो. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते आणि पाचरी सैल होतात. त्या पुन्हा ठोकाव्या लागतात. "मुद्द्यावर ये," असे साहेब म्हणाले. हाच मुद्दा आहे.

आज दुपारी पुढच्या डाव्या पायाची पाचर फारच सैल निघाली म्हणून मी ती काढली आणि तिच्या जागी जाडसर नवी तासून घेतली. तीनच्या सुमारास मी टेबलाखाली उताणा पडून, तो पाय खांद्याने जागेवर दाबून धरून होतो. शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंनी आपल्या जबाबात सांगितले आहे की भिंतीपलीकडून माझा आवाज आला : "मार. अजून मार. दोन्ही हातांनी मार. घाबरू नकोस, काही होत नाही." त्यानंतर आरडाओरडा, काहीतरी जड पडल्याचा आवाज व किंकाळी. ते शब्द माझेच आहेत.

साहेबांनी विचारले की 'मार' असे कोणाला म्हणालास. मी सांगितले, स्वतःला.

"स्वतःला म्हणतोस, घाबरू नकोस?"

मी म्हणालो, हो, म्हणतो. त्यावर रायटर हवालदार टाइप करायचे थांबून म्हणाले, "साहेब, दिवसभर एकटं असतं पोरगं. बोलत असेल." साहेबांनी विचारले की टेबलाखाली झोपून, खांद्याने पाय धरून, बाहेरच्या बाजूची पाचर तू दोन्ही हातांनी कशी मारत होतास, तुला हात किती आहेत.

दादाने दवाखान्यातून जो जबाब दिला आहे त्यात म्हटले आहे की खोलीत इंजिनियर एकटाच होता व त्याने लाकडी हातोड्याने माझा हात ठेचला. मी सांगितले की हातोडा मारलेला नाही, पण एकटा होतो हे खरे आहे. मग हातोडा कुठे आहे, असे विचारले. मी सांगितले, लाँड्रीमागच्या नाल्यात टाकला. दोन शिपाई नाल्यावर पाठवण्यात आले. बराच वेळ काठीने गाळ ढवळून ते रिकाम्या हाताने परत आले. त्यांच्या पँटी गुडघ्यापर्यंत भरल्या होत्या. ते मला जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

मधल्या वेळात मी दोनदा विचारले की हाताबद्दल काही कळले का. नाही, असे सांगण्यात आले. तिसऱ्यांदा विचारल्यावर गप्प बस असे सांगण्यात आले.

संध्याकाळी दादाची धाकटी बहीण ठाण्यात आली. एकटी आली. तिने कापडी पिशवीतून माझा लाकडी हातोडा काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला व म्हणाली, "हा माझ्या हातात होता. डॉक्टरांना फोन करायला वर पळाले, तसाच वर गेला." माझ्याकडे बघितले नाही. नाल्यावर गेलेल्यांपैकी एक शिपाई दारात उभा होता. त्याने आधी हातोड्याकडे, मग आपल्या पायांकडे आणि मग माझ्याकडे बघितले. साहेबांनी हातोडा खिडकीपाशी नेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला. रक्त नव्हते. तिला शेजारच्या खोलीत नेऊन तिचा जबाब घेण्यात आला. तोपर्यंत मी बाकावर बसून होतो. भिंतीतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

परत आल्यावर साहेब म्हणाले, "तू आणि तिचा भाऊ, एकमेकांच्या उरावर बसणारे. आणि खोटं मात्र ठरवून घेतल्यासारखं एकच." ठरवले नव्हते. पोलिसांच्या कागदावर तिचे नाव येऊ नये असे त्याला वाटले. मलाही तेच वाटले. तरी 'मार' स्वतःला म्हणालो, एकटा होतो आणि हातोडा नाल्यात टाकला, हे वर सांगितलेले तिन्ही खोटे आहे, ते धरू नये. खरे खालीलप्रमाणे.

ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी सोडले त्याच कॉलेजच्या. तिला जमिनीवर बसून चित्रे काढायला बसके मेज हवे होते. मी म्हणालो, करून देतो. ती म्हणाली, "करून नको, शिकव." तेव्हापासून ती दुपारची येत होती. दार उघडे असायचे. रंधा ती माझ्यापेक्षा हलक्या हाताने मारते, पण हातोडा मारताना डोळे मिटते. म्हणून 'घाबरू नकोस' म्हणालो. कामाव्यतिरिक्त बोलणे झाले नाही. मी बोलणार होतो, पण तिच्या हातात पटाशी असताना नको वाटायचे आणि पटाशी खाली ठेवली की ती जायला निघायची. हे लिहू नका असे मी सांगितले, तोपर्यंत लिहून झाले होते.

'मार' हे मी तिला पाचरीबद्दल म्हणालो. या कामात सगळेच मारतात. खिळा मारतात, रंधा मारतात, पॉलिश मारतात. माणसाला मारतात त्यातला तो मार नव्हे. हे बाईंनाही सांगावे.

बाईंनी आज दादाला जिन्यात गाठून विचारले होते, "तुझी बहीण रोज दुपारी खाली काय ठोकते रे?" तो तसाच खाली आला. तेव्हा पाचर अर्धी आत गेली होती. ती हातोडा घेऊन भिंतीला चिकटली. मी टेबलाखाली असल्याने मला फक्त त्याचे बूट दिसत होते. तो म्हणाला, "आमच्या घरात पाचर मारायला निघालास होय? बाहेर ये." मी म्हणालो, पाय धरलाय, सोडता येत नाही. तो म्हणाला, "कॉलेजातून हाकललेला तू, तुला कसली आलीत कामं." मला हाकललेले नाही, मी सोडले आहे. ते मी त्याला ओरडून सांगितले. त्याने फळीची कड दोन्ही हातांनी धरून टेबल गदागदा हलवले. पाय कलंडला, फळी घसरली व त्याचा उजवा हात फळी आणि दांडी यांच्यामध्ये सापडला. ती वर फोन करायला पळाली. फळी मी उचलली. एकट्याने कशी उचलली ते सांगता येत नाही. हाताला टॉवेल बांधला, गाडी थांबवली. त्याने मला गाडीत बसू दिले नाही. माझ्या खांद्याला लागले आहे, त्याची नोंद नको.

साहेब म्हणाले, "मुलगीही हेच सांगते. अपघात आहे. सही कर आणि घरी जा." मी विचारले, ती एवढेच म्हणाली का. साहेबांनी तिचा जबाब पुन्हा वरपासून वाचला. म्हणाले, एवढंच.

एवढेच नाही. दादाने कड धरून आधी एकदा थोडेसेच हलवले आणि तो थांबला. टेबल करकरले होते. खाली वाकून त्याने विचारले, "सैल आहे का रे हे?" त्या वेळी त्याचा आवाज भांडणाचा नव्हता. पाचर अर्धीच बसली आहे हे मला माहीत होते. हात काढ, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मी म्हणालो, "दम असेल तर हलवून बघ."

ती तिथून दोन पावलांवर उभी होती. तिने ते ऐकले नाही असे होणार नाही.

साहेबांनी हवालदारांना टाइप करणे थांबवायला सांगितले. ते म्हणाले, "तिने हे सांगितलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. तुला कोणी विचारलं? हे कागदावर आलं तर निष्काळजीपणाचं कलम लागतं, कळतंय का?" मी म्हणालो, कळतंय, लिहा. त्यांनी कारण विचारले. मी सांगितले की आज दादाला वेदनेत काही सुचत नसेल, पण उद्या आठवेल. तो तिला विचारेल, इंजिनियर तेव्हा काय म्हणाला. मग तिला रोज त्याच घरात, त्याच्या हाताकडे बघत, माझ्यासाठी खोटे बोलावे लागेल. ते मला नको. साहेब हवालदारांना म्हणाले, लिही.

दरम्यान आईचा ठाण्यात फोन आला. दादाला तिच्याच दवाखान्यात नेले आहे. बोटे राहतील. मूठ वळेल की नाही, ते पट्टी सुटल्यावर कळेल. बस चालवता येईल का असे मी विचारायला सांगितले, तोपर्यंत फोन ठेवला गेला होता. आईचा माझ्यासाठी काही निरोप होता का असे विचारले. नव्हता, असे सांगण्यात आले.

पंचनामा होईपर्यंत टेबल कोणी हलवू नये. अर्धी ठोकलेली पाचर अजून खाचेत आहे.

वरचा सगळा मजकूर रायटर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी त्यांनी आपल्या मनाने एक ओळ घातली होती : सदर प्रकार एकतर्फी प्रेमातून घडला. अशा प्रकरणात ही ओळ असतेच, असे ते म्हणाले. ती मी सांगितलेली नाही. तिच्यातला 'एकतर्फी' हा शब्द तेवढा मी खोडून घेतला असून खोडल्याजागी माझी सही आहे. एकतर्फी आहे का, ते मला अजून माहीत नाही. बाकी मी बोललो तसेच उतरले आहे व बरोबर आहे.