विशेष वर्ष आणि ज्योत्स्नाची शाल

मंडळी, ऐका. विद्या ही विश्वाची आदिशक्ती. सूर्य मावळतो, समुद्राला ओहोटी लागते, पण विद्येचं तेज उणं होत नाही — फक्त अधूनमधून त्याची तपासणी होते, आणि तपासणाऱ्यांना दुपारच्या गाडीने परत जायचं असतं.

पूर्वरंग आटोपला, झांजा मांडीवर ठेवा. आता प्रश्न असा: आपलं उणं झाकून दुसऱ्याला धीर देता येतो का? लगेच उत्तर देऊ नका. खांबाला टेकून बसलेल्यांची झोप मोडेल.

तापीकाठी एक विद्यापीठ होतं. नाव सांगत नाही. त्याचे पदवीधर समोर बसलेले असू शकतात. तिथे मूल्यांकन समिती आली, जेवली, पाहून गेली आणि निकाल धाडला — विद्यापीठ वर्षभर परिवीक्षेवर. परिवीक्षा म्हणजे काय? नवी सून पोळ्या लाटते आणि सासू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते ना, ते.

कुलगुरू भिरूड सर माणूस सज्जन. पण तो शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. फिरके म्हणजे त्यांचे कुलसचिव. त्यांना सर म्हणाले, "हे लोकांना सांगायचं कसं?"

"सर, 'विशेष निरीक्षण वर्ष' म्हणू."

"'विशेष' चांगलंय. 'निरीक्षण' काढा."

"मग 'विशेष वर्ष' उरतं."

"तेच. दारात कमान उभारा."

कमान उभी राहिली. पण बातमी कमानीखालून निघून जातेच. शेवटची परीक्षा नुकतीच दिलेली रसायनशास्त्राची एक मुलगी होती, ज्योत्स्ना भारंबे. पुण्याच्या औषध कंपनीत तिची निवड झालेली. कंपनीच्या बाईंचा फोन आला — "तुमच्या विद्यापीठाचं काहीतरी ऐकलं. पदवी चालणार का, ते सोमवारपर्यंत कळवा. नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे."

पोरगी फिरक्यांकडे गेली. "सर, माझी पदवी चालणार का?"

"बाई, सध्या विशेष वर्ष आहे."

"म्हणजे चालणार?"

"म्हणजे विशेष."

आता बोला. ती चारचौघांना घेऊन दारात बसली. कुलगुरूंनी शंकानिरसन सोहळा जाहीर केला आणि फिरक्यांना सांगितलं, "शंका विचारणाऱ्यांचा सत्कार करा. जागरूक विद्यार्थी म्हणून."

"आणि शंका?"

"फिरके, खांद्यावर शाल आल्यावर कुणी शंका विचारलेली पाहिली आहे का?"

खरं आहे, मंडळी. भांडायला आलेला माणूस नारळ हातात पडला की नारळच सांभाळत बसतो.

सोहळा झाला. दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्याचा परिचय झाला. जागरूकांना शाली मिळाल्या. पण आपली एक रीत आहे — सत्कारमूर्तीने मनोगत व्यक्त करायचं. सूत्रसंचालकाने सवयीने ज्योत्स्नाचं नाव पुकारलं. कुलगुरूंनी फिरक्यांकडे पाहिलं. फिरक्यांनी छताकडे.

ती माईकपाशी आली. "सर, शाल छान आहे. मला सोमवारी कंपनीला सांगायचंय. माझी पदवी चालणार का? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. नाही म्हणालात तरी मी दुसरीकडे बघेन. फक्त 'विशेष' म्हणू नका."

त्या विद्यापीठात आजवर पुष्कळांना गप्प बसवलं होतं, पण एकदा शाल घातलेल्याला गप्प बसवण्याची पद्धत नव्हती. सत्कारमूर्तीचा माईक कोण बंद करणार? फिरके तिला आणखी एक पुष्पगुच्छ द्यायला निघाले. दुसरं काही सुचेना.

कुलगुरू उठले. "चालेल," म्हणाले. "मान्यता गेलेली नाही. पदवी सगळीकडे चालेल."

"सर, मग हे इतके दिवस का नाही सांगितलं?"

सर म्हणाले, "ते सांगायचं, तर आधी परिवीक्षा आहे हे सांगावं लागलं असतं."

शब्द एकदाचा तोंडून निघाला, मग बाकीचंही निघालं. सर म्हणाले, "शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत. प्रयोगशाळेत पाणी नाही. समितीने काढलेल्या चुकांपैकी निम्म्या खऱ्या आहेत."

"सगळ्याच, सर," फिरके पुष्पगुच्छासकट म्हणाले.

"सगळ्याच," सर म्हणाले.

"मग हेच लिहून द्या," ज्योत्स्ना म्हणाली. सरांनी तिथेच लिहून दिलं, परिवीक्षा शब्दासकट. कंपनीच्या बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "या सोमवारी रुजू व्हायला." विद्यापीठाचं पुढे काय झालं? समिती पुन्हा यायची आहे. प्रयोगशाळेत नळ आलाय. पाण्याची वाट बघताहेत.

आता तुमच्याकडे वळतो. डॉक्टरकडून घरी येता. घरची विचारते, काय म्हणाले? तुम्ही म्हणता, काही नाही. आणि ती बिचारी 'काही नाही'ला घाबरून रात्रभर जागते. अहो, तुमचं दुखणं कदाचित साधं असेल; पण ते साधं आहे हे सांगायला आधी दुखतंय हे सांगावं लागतं. देवापुढे येताना तरी शाल पांघरून येऊ नका. जे उणं आहे ते उणं म्हणा, मग तो धीर देईल आणि तुम्हालाही देता येईल.

चला, आरतीला उभे राहा. विनंती एकच — सतरंज्या मांडववाल्याच्या आहेत, निरांजनातलं तूप सांडू नका.